वर्दी उतरवलेला जनरल: थोरात, लोकसेवा आयोग आणि आजचे सीडीएस

(चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोर, चालत बोलणे)

नमस्कार मंडळी. लष्कर आणि सरकारी कारभार हे दोन शब्द एकत्र आले की सोलापूरकराला मे १९३० चा मार्शल लॉ आठवतो. १२ मे ते ३० जून, गावात हुकूम चालला तो लष्कराचा. तिरंगा हातात दिसला तरी शिक्षा. मागे ज्यांचे पुतळे आहेत ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली.

तिथे लष्करच कारभारात घुसलं होतं. आज बोलायचंय ते वर्दी खुंटीला टांगून घटनेच्या कलमाखाली खुर्चीवर बसलेल्या जनरलबद्दल. अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवा: लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, गाव कोल्हापूरकडचं वडगाव, शिक्षण सँडहर्स्टचं. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले.

(स्क्रीनवर: नकाशा, आराकान)

लढाई थोडक्यात सांगतो. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातलं कांगाव. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर भारतीय कमांडर होते, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट. पुढे लष्करप्रमुख झालेले थिमय्या, एल. पी. सेन आणि २/२ पंजाब या पलटणीवर थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि शौर्य, शौर्य म्हणत राहतात. माझ्या मते प्रशासनाची खरी परीक्षा कोरियात होती.

(कॅमेऱ्याकडे)

२७ जुलै १९५३ ला पानमुंजोमला कोरियन युद्धाची युद्धबंदी झाली. अडकलं काय, तर कैदी. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांकडचे साडेबावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. चीन-उत्तर कोरियाच्या बाजूकडेही असेच ३५९ होते. त्यांच्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला: भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया. अध्यक्ष थिमय्या. कैद्यांचा ताबा भारतीय कस्टोडियन फोर्सकडे आणि तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात.

अडचण पहिल्याच दिवसापासून. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले, भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये. मग जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर.

आता काम बघा. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाचे अधिकारी समजावणार, मग तो हो किंवा नाही म्हणणार. समजावणीला मुदत ९० दिवस. जबरदस्ती चालायची नाही. पण आवारांमध्ये कैद्यांच्याच टोळ्या होत्या. त्या समजावणीला जाऊच देत नव्हत्या आणि परत जातो म्हणणाऱ्याला मारत होत्या. गोळी चालवली तर आंतरराष्ट्रीय बोभाटा, नाही चालवली तर आतला माणूस मरणार. त्यातच मेजर ग्रेवाल यांना कैद्यांनी आवारात ओलीस धरलं. थोरात स्वतः आत गेले आणि त्यांना सोडवून आणलं. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं. १९६७ मध्ये या पदकाचं नाव कीर्तिचक्र झालं. जुन्या आणि नव्या पुस्तकांत नावं वेगळी दिसतात ती यामुळे, गोंधळू नका. शेवटी मुदत संपली, बहुतेकांची समजावणी झालीच नाही, आणि जानेवारी १९५४ मध्ये कैदी आधी ज्या बाजूच्या ताब्यात होते तिच्याकडे परत दिले.

हातात बंदूक असून कलम वाचून चालायचं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आयोगाच्या खुर्चीचं काम याहून फार वेगळं नसतं.

पुढे १९५७ ते ६१ थोरात लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख. ऑक्टोबर १९५९ मध्ये चीनच्या हल्ल्याचा अंदाज लिहून पाठवला, मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन तो तपासला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मनावर घेतला नाही. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले, लष्करप्रमुखपद थापर यांना मिळालं आणि थोरात घरी परतले. नंतर १९६२ मध्ये काय झालं ते ठाऊक आहेच.

(स्क्रीनवर: कलम ३१६, ३१७, ३१९)

आता परीक्षेच्या कामाचं. जनरल आयोगात बसतो कोणत्या दारानं? कलम ३१६. आयोगाचे शक्य तितके निम्मे सदस्य सरकारी पदावर किमान १० वर्षं काम केलेले असावेत, असं ते सांगतं. लष्करी सेवा म्हणजे केंद्र सरकारचीच सेवा. राज्य आयोगावर नेमणूक राज्यपाल करतात, पण पदावरून काढतात राष्ट्रपती, कलम ३१७. इथे दरवर्षी पोरं चुकतात. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६२. थोरातांच्या वेळी ही मर्यादा ६० होती, १९७६ च्या ४१ व्या घटनादुरुस्तीनं ती वाढली. आणि कलम ३१९: राज्य आयोगाचा अध्यक्ष पुढे संघ लोकसेवा आयोगावर (यूपीएससी) किंवा दुसऱ्या राज्याच्या आयोगाच्या अध्यक्षपदी जाऊ शकतो, दुसरी सरकारी नोकरी मात्र बंद.

राहिले सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, संरक्षण दलप्रमुख. थोरातांना वर्दी उतरवावी लागली, सीडीएस ती अंगावर ठेवूनच सचिव असतात. २४ डिसेंबर २०१९ ला मंत्रिमंडळानं पद मंजूर केलं, १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत रुजू झाले. संरक्षण मंत्रालयातल्या लष्करी व्यवहार विभागाचे सचिव तेच. पण दोन सापळे लक्षात ठेवा. तिन्ही दलप्रमुखांवर सीडीएसचा लष्करी हुकूम चालत नाही. आणि विमानं, तोफा, पाणबुड्या यांसारखी भांडवली खरेदी त्यांच्या विभागाकडे नाही, ती संरक्षण विभागाच्या सचिवांकडे. पर्यायांत ‘सर्व संरक्षण खरेदी’ असं दिसलं की तिथे खूण करू नका.