तिरकी सळई

(दृश्य : जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारा, गुडघ्यांवर ओणवा झालेला सैनिक. हातात बारीक सळई.)

सळई जमिनीत उभी खुपसायची नाही. साधारण ३० अंशांत, तिरकी, हलक्या हाताने सरकवायची. सुरुंगावर दाब पडायची जागा वरच्या बाजूला असते; तिरकी सळई त्याच्या कुशीला लागते. काही लागलं की थांबायचं, मग बाजूने माती दूर करायची. धातू शोधणारा डिटेक्टर तर प्रत्येक खिळ्यावर, काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीवर वाजतो. शंभर वेळा खिळाच निघाला, तरी एकशे एकाव्या वेळी हात तितकाच सावध लागतो.

(दृश्य : पुणे, औंध लष्करी तळ.)

पुणेकरांना खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचे अभियंता सैनिक, ओळखीचे आहेत. सुरुंग पेरणं आणि काढणं हे सॅपरचं मूळ शिक्षण. मार्च २०१६ मध्ये शेजारच्या औंधला १८ देशांचे सैनिक एकत्र आले, ते यातल्या काढण्यासाठी. सरावाचं नाव 'फोर्स १८'. आसियान या आग्नेय आशियाई संघटनेचे १० देश (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया त्यातलेच), शिवाय भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. विषय दोनच : नागरी भागातले सुरुंग हटवणं आणि शांतिरक्षण. भारतीय तुकडीच्या प्रमुख होत्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी. २००६ मध्ये त्यांनी काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम केलं होतं. औंधला जमलेल्या तुकडीप्रमुखांत त्या एकट्याच स्त्री.

आता त्या देशांची नावं पुन्हा आठवा. व्हिएतनाम आणि अमेरिका. व्हिएतनाम आणि चीन, १९७९ मध्ये एकमेकांशी लढलेले. लाओस, जिथे १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले, चेंडूएवढे बॉम्ब आजही शेतात सापडतात. सराव तोफांचा असता, तर प्रत्येकाच्या मनात आलं असतं : या तोफा उद्या कोणावर? सळई हातात घेतल्यावर तो प्रश्न पडत नाही. म्हणून हे देश इथे एका मैदानावर येऊ शकले, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : कंबोडिया. भातशेती, कडेला कवटीचं चिन्ह असलेली लाल पाटी.)

कंबोडियाने तर ही विद्या स्वतःच्या रक्तावर शिकली. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे होती, भारतीय सैनिकही होते. देशाचं सुरुंग निवारण केंद्र १९९२ चंच. सुरुवातीला शिकवायला बाहेरची माणसं आली. आणि २००६ मध्ये याच कंबोडियाने आपले सुरुंग काढणारे सैनिक शांतिसेनेतून सुदानला पाठवले.

जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनची माणसं कंबोडियात शिकायला आली. हातात 'आलिस' होतं, जपानच्या तोहोकू विद्यापीठात घडलेलं यंत्र. ते धातू तर ओळखतंच, पण जमिनीखालच्या वस्तूचा आकारही पडद्यावर दाखवतं. खिळा कोणता, सुरुंग कोणता, हे खणण्याआधीच बऱ्याचदा कळतं. तो आकार कसा वाचायचा, हे युक्रेनच्या माणसांना कंबोडियाची माणसं समजावत होती.