बाटलीची दोन वयं

मंडळी, ग्लास हातात आलेत, पण पाच मिनिटं थांबा. बाटल्या आत्ताच फ्रिजमधून निघाल्यात. जुनी वाइन फार गार असली की गप्प बसते. दहा-बारा अंशांवर बोलायला लागते. तोवर मी बोलतो.

ही उत्तर इटलीतल्या त्रेंतोची, शार्दोने द्राक्षाची. इटलीची फसफसणारी वाइन म्हटलं की आपल्याला प्रोसेको आठवते. ती बहुतेक मोठ्या बंद टाकीत फसफसते आणि ताजी असतानाच प्यायची असते. हिचं दुसरं आंबणं मात्र याच बाटलीत झालंय. तयार वाइनमध्ये लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू आत कोंडतो, मग यीस्ट मरतं आणि साका खाली बसतो. नाशिकलाही या पद्धतीने वाइन करतात, त्यामुळे इथल्या काहींना हे पाठ असेल.

सगळी गंमत त्या साक्यात आहे. मेलेल्या पेशी हळूहळू विरघळतात, वाइनला अंग येतं. शिवाय आत शिरणारा थोडाफार ऑक्सिजन साकाच गिळतो, त्यामुळे वाइन मुरते पण शिळी होत नाही. नियमाने त्रेंतोच्या साध्या वाइनला साक्यावर किमान 15 महिने लागतात, जास्त मुरवलेल्या ‘रिझर्वा’ला 36. शेजारच्या लोम्बार्दीत, फ्रान्चाकोर्ताच्या रिझर्वाला 60.

दहा-दहा वर्षं ठेवायचं धाडस कुणी केलं? जुलिओ फेर्रारीने 1902 मध्ये त्रेंतोत शॅम्पेनच्या पद्धतीने, म्हणजे अशीच बाटलीत आंबवून, वाइन करायला घेतली. 1952 मध्ये त्याने धंदा ब्रुनो लुनेल्ली या वाइनच्या दुकानदाराला विकला. पुढे ब्रुनोच्या मुलांपैकी माउरोने 1972 च्या पिकाच्या काही हजार बाटल्या तळघरात बाजूला ठेवल्या, तेही भावांना न सांगता. धंद्यात माल असा अडकवून ठेवायचा म्हणजे घरात भांडणच. पण त्यातूनच संस्थापकाच्या नावाची रिझर्वा निघाली.

आता बाटली उलटी करा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात ‘स्बोक्कातुरा’ लिहिलंय, पुढे तारीख. त्या दिवशी बाटलीची मान गोठवून साका बाहेर उडवला आणि बूच लावलं. तिथून दुसरं वय सुरू होतं, आता राखणदार नाही. पुढच्या बाजूचं वर्ष द्राक्षांचं. लोक तेवढंच वाचतात आणि फसतात. मीही फसलोय. एक जुनी बाटली ‘अजून मुरेल’ म्हणून पुण्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात दोन उन्हाळे ठेवली. उघडली तर बूच नुसतं उसासलं. आत पिवळंजर्द, जुन्या सफरचंदाच्या वासाचं पाणी. मुरायचं होतं ते त्रेंतोतच मुरून झालं होतं.

चला, घ्या. ग्लास फिरवू नका, वायू जाईल. बुडबुडे बघा, मोहरीहून बारीक. नाक घाला. आधी लिंबाची साल, मग खारी बिस्किटाचा डबा उघडल्यासारखा वास. त्याच्या मागे आणखी काहीतरी आहे. पुस्तकात त्याला ब्रिओश, म्हणजे लोण्याचा फ्रेंच पाव, म्हणतात; मला तर लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहते ती बेरी आठवते. आता घोट. जिभेवर साय, आणि लगेच कडेने आंबटपणा धावतो. गिळल्यावर भाजलेला बदाम आणि किंचित खारटपणा. तो बराच वेळ राहतो, मोजून बघा.

कुणीतरी विचारलं, गोड का नाही? साका काढल्यावर वाइनमध्ये साखर घालता येते, हिच्यात जेमतेम घातलीय. इतकी वर्षं मुरलेल्या वाइनला तोंड गोड करायची गरज नसते, असं माझं मत. तुम्ही भांडू शकता.

ग्लासात थोडी ठेवा. मागच्या टेबलावर याच वर्षाच्या द्राक्षांची दुसरी बाटली आहे, तिचा साका चार वर्षं आधी काढलेला. ती आता फिरवतोय. आधी नाक, मग हातातल्या ग्लासशी ताडून बघा, आणि मला सांगा दोघींत म्हातारी कोण.