जेफरसनना आलेलं पंचांग

18 नोव्हेंबर 1755. उजाडायच्या आत बॉस्टन शहर हादरलं. घरांची धुराडी कोसळली, रस्त्यावर विटांचा खच पडला. शहरातले वजनदार धर्मोपदेशक थॉमस प्रिन्स यांनी एक कारण छापून प्रसिद्ध केलं. वीज उतरवण्यासाठी लोकांनी घरांवर लोखंडी सळया उभारल्या आहेत, त्यातून आकाशातली वीज जमिनीत साठते. अशा सळया बॉस्टनमध्ये सर्वांत जास्त, म्हणून दणकाही इथेच मोठा. देवाच्या हातून सुटका नाही!

हार्वर्ड कॉलेजातले प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यांनी याचं जाहीर खंडन केलं. भूकंपानंतरच्या एका धक्क्याच्या वेळी ते शेकोटीपाशी बसले होते. समोरच्या फरशीतल्या विटा एकामागून एक उचलल्या जाऊन पुन्हा खाली बसताना त्यांनी पाहिल्या. जमिनीतून लाट सरकत जाते, हे त्यांना त्या विटांनी दाखवलं.

अमेरिकेतला सुरुवातीचा बुद्धिप्रामाण्यवाद शोधायचा तर अशाच लेखनात शोधावा लागतो. प्रवचनांना दिलेली उत्तरं, पत्रकं, पंचांगं. कादंबऱ्या बऱ्याच नंतर आल्या. त्या सळयांचा शोध लावणारे बेंजामिन फ्रँकलिन स्वतः पंचवीस वर्षं पंचांग काढत होते. जानेवारी 1776 मध्ये थॉमस पेन यांचं 'कॉमन सेन्स' आलं. ब्रिटनसारख्या एका बेटाने अमेरिकेच्या अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं, हे बुद्धीला पटतं का, असा साधा सवाल त्यात होता. याच पेन यांचं 'राइट्स ऑफ मॅन' पुढे 1847 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांच्या वाचनात आलं.

त्याच 1776 च्या जुलैत टॉमस जेफरसन यांनी लिहिलेला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, हे सत्य स्वयंसिद्ध आहे, असं त्यात म्हटलं होतं. लिहिणाऱ्याच्या मालकीची मात्र शेकडो गुलाम माणसं होती. 1787 च्या व्हर्जिनियाविषयीच्या पुस्तकात त्यांनी असंही लिहिलं की युक्लिडची भूमिती समजू शकेल असा काळा माणूस क्वचितच सापडेल. पुढे पुस्ती जोडली: ही आपली केवळ शंका आहे.

आता मेरीलँडमध्ये जाऊ या. एलिकॉट गिरण्यांजवळ तंबाखूची एक लहान शेती. मालक बेंजामिन बॅनेकर, जन्मापासून स्वतंत्र असलेले काळे शेतकरी. वडील मात्र गुलामीतून सुटलेले. बावीस-तेवीस वर्षांचे असताना बॅनेकर यांनी लाकडाची चाकं कोरून एक घड्याळ बनवलं, आणि ते कित्येक वर्षं ठोके देत राहिलं. पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या जॉर्ज एलिकॉट यांनी त्यांना खगोलशास्त्राची पुस्तकं आणि दुर्बीण वापरायला दिली. शिकवायला कुणी नव्हतं. ग्रहणं, ग्रहांची स्थानं, सूर्योदय-सूर्यास्त, सगळं गणित त्यांनी एकट्याने बसवलं आणि 1792 सालचं पंचांग तयार केलं.

19 ऑगस्ट 1791 रोजी त्यांनी त्या पंचांगाची हस्तलिखित प्रत जेफरसन यांना पाठवली. जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. पंचांग छापलं जाणारच होतं, पण ते माझ्या हस्ताक्षरात पाहता यावं म्हणून पाठवतोय, असं बॅनेकर यांनी सोबतच्या पत्रात लिहिलं. पत्रातली भाषा नम्र आहे, पण मुद्द्यावर ते कुठेही माघार घेत नाहीत. जाहीरनाम्यातली वाक्यं ते जेफरसन यांच्यासमोर जशीच्या तशी ठेवतात. मग विचारतात त्याचा आशय असा: इंग्रजांच्या जुलमाबद्दल तुम्ही एवढं लिहिलंत, आणि त्याच वेळी माझ्या बांधवांना कपटाने आणि बळजबरीने गुलामीत डांबून ठेवता, हे कसं?

त्या काळातलं बुद्धीची बाजू घेणारं इतकं सडेतोड लेखन माझ्या वाचनात दुसरं नाही. जेफरसन यांच्या शंकेला बॅनेकर यांनी गणिताने उत्तर दिलं होतं, आणि ते गणित कुणालाही पडताळून पाहता आलं असतं.

अकरा दिवसांत उत्तर आलं. असे पुरावे पाहण्याची माझ्याइतकी इच्छा कुणालाच नसेल, असं जेफरसन यांनी लिहिलं आणि पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव काँदॉर्से यांच्याकडे पाठवत असल्याचं कळवलं. दोन्ही पत्रं पुढच्याच वर्षी छापून लोकांच्या हाती पडली.

बॅनेकर ऑक्टोबर 1806 मध्ये वारले. अंत्यसंस्कार चालू असतानाच त्यांचं लाकडी घर पेटलं, त्यात ते घड्याळही गेलं. पण पुस्तकं आणि गणिताची वही त्यांच्याच सांगण्यावरून आधीच एलिकॉट यांच्या घरी पोचली होती.

1809 मध्ये जेफरसन यांनी कवी जोएल बार्लो यांना लिहिलं की बॅनेकर यांची बुद्धी अगदीच सामान्य होती, आणि पंचांगाच्या कामात एलिकॉट यांनी मदत केली असावी. त्याला आधार काहीच दिला नाही. बावीस वर्षांनंतरही त्यांच्याकडे नुसती शंकाच होती. आकडेमोडीने भरलेली बॅनेकर यांची वही मात्र आजही मेरीलँडमध्ये जपून ठेवलेली आहे.