नवा कॅमेरा घ्यायच्या आधी जुने फोटो उघडा

(टेबलावर दोन छोटे कॅमेरे. त्यातला एक हातात घेऊन.)

हा माझा जुना कॅमेरा. तीस पट झूम. २४ मिलिमीटरपासून थेट ७२० मिलिमीटरपर्यंत (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ), आणि तरी जाकिटाच्या खिशात जातो. आणला त्याच रात्री चंद्राचा फोटो काढला होता. चंद्रावरचे खड्डे दिसत होते! झोपलेल्या लोकांना उठवून दाखवले मी ते. त्यानंतर चंद्र आहे तिथेच आहे, पण मी काही पुन्हा त्याच्या वाटेला गेलो नाही.

नमस्कार मंडळी. आज बोलूया खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल. रोजच्या फोटोंसाठी आणि प्रवासासाठी कोणता घ्यायचा, आणि घरात एक असेल तर तो बदलायचा का. मला नेहमी विचारतात, अमुक चांगला की तमुक? मी उलट विचारतो, तुझे आत्ताचे फोटो कुठे बिघडतात ते सांग. मग समोरचा गप्प होतो. पंचवीस रिव्ह्यू पाठ असतात त्याला, पण स्वतःचे फोटो शेवटचे कधी नीट पाहिले ते आठवत नसतं.

तर आधी हे काम करा. गेल्या दोनेक सहलींचे आणि मधल्या काळातले रोजचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. फोनने काढलेले असले तरी हरकत नाही. प्रत्येक फोटोच्या पोटात एक टिपण असतं, त्याला एक्झिफ म्हणतात. फोकल लेंग्थ, म्हणजे ते मिलिमीटर, किती होती (मी सगळीकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातला आकडा सांगतोय), शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घेतला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि फसलेले फोटो एकदम डिलीट करू नका, वेगळे काढून ठेवा. हललाय का? दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, आलेत का? हवी ती गोष्ट मुंगीएवढी आलीय का? एक ढीग मात्र कॉम्प्युटरवर दिसणार नाही, तो आठवावा लागतो: कॅमेरा बॅगेत किंवा घरीच राहिला म्हणून काढलेच नाहीत ते फोटो. माझ्या मते सगळ्यात मोठा ढीग तोच निघतो.

मी हे केलं तेव्हा चांगलाच ओशाळलो. तीस पट झूमवाल्या कॅमेऱ्याचे माझे बहुतेक फोटो २४ ते ५० मिलिमीटरच्या मधले! आणि फसलेले जवळजवळ सगळे संध्याकाळनंतरचे, घरातले, माणसांचे. म्हणजे मला कमी पडत होता उजेड, आणि मी विकत घेतलं होतं अंतर.

(कागदाचे तीन तुकडे टेबलावर मांडत.)

उजेडाचा विषय निघाला की सेन्सर, म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चिप, आलाच. आकडे सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून मापाने कागद कापून आणलेत. हा सगळ्यात छोटा, साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर. जास्त झूमवाल्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा हाच असतो. नखावर मावतो बघा. हा मधला, १३.२ गुणिले ८.८. याला 'एक इंची' म्हणतात. आणि हा मोठा, एपीएस-सी नावाच्या मापाचा, सुमारे २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळ काढलं तर मधला छोट्याच्या चौपट आणि मोठा छोट्याच्या तेरापट भरतो.

आता 'एक इंची' नावाची गंमत. पट्टी लावून बघा, यात एक इंच कुठेच नाही. कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर. हे नाव आलंय जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीवरून. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, आणि आत चित्र उमटण्याची जागा त्याहून बरीच लहान. नळ्या कधीच गेल्या, माप मागे राहिलं. पाटीवर 'एक इंच' वाचून कुणी भाळू नये म्हणून सांगतोय, बाकी सेन्सर उत्तम आहे.

चौपट क्षेत्रफळ म्हणजे, लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, आणि शटर तेच ठेवलं तर चौपट उजेड गोळा होतो. छोट्या सेन्सरवर आयएसओ ८०० ला जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढे एक इंचीवर ३२०० ला दिसतात. घरातल्या दिव्यांच्या उजेडात हा फरक छापून न बघताही कळतो.

पण थांबा, लोक इथेच फसतात. सेन्सरने कमावलेलं लेन्स उधळू शकते. पॅनासॉनिकचा टीझेड१०० घ्या, २०१६ सालचा. एक इंची सेन्सर, २५ ते २५० मिलिमीटर झूम, प्रवासाला छान. त्याचं ॲपर्चर वाईडला, म्हणजे झूम न करता, एफ २.८ आहे, आणि पूर्ण झूम केल्यावर एफ ५.९ (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान). म्हणजे त्या टोकाला आत येणारा उजेड चौपटीहूनही जास्त घटतो. दिवसा उन्हात काही बिघडत नाही. अंधार पडला की मोठ्या सेन्सरची सगळी मिळकत तिथेच संपली.

याहून बोलकं उदाहरण सोनीच्या आरएक्स१०० चं. पहिला आला २०१२ मध्ये, आणि एवढ्याशा कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर बघून सगळे चाट पडले. तिसरा, २०१४ चा, २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८. सहावा, २०१८ चा, २४ ते २००, एफ २.८ ते ४.५. नाव तेच, अंगकाठी तीच, आकडा मोठा. आता समजा तुमच्याकडे तिसरा आहे, फोटो घरातल्या लहान मुलांचे काढता, तेही रात्री. हौसेने सहावा आणलात. वाईडला एफ १.८ चं झालं २.८, म्हणजे उजेड अडीचपटीच्या आसपास कमी झाला. पैसे खर्चून मागे गेलात! तोच सहावा डोंगरातल्या प्रवाशाला मात्र खरंच पुढे नेईल. आकडा चढला म्हणजे कॅमेरा चढलाच असं नाही. बऱ्याचदा कंपनीने गिऱ्हाईक बदललेलं असतं.

मेगापिक्सेलचं लवकर उरकतो. ए-फोर कागदावर चांगल्या दर्जाचा प्रिंट काढायला नऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. वीसचे चाळीस केले तरी फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, १.४ पटच होते. पुढे जाऊया.

झूम नसलेले कॅमेरे. ऐकूनच काहीजण व्हिडिओ बंद करतील, पण दोन मिनिटं द्या. रिकोचा जीआर थ्री, २०१९ चा. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे तो मोठा कागद, आणि वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम. पँटच्या खिशात जातो. लेन्स एकच, २८ मिलिमीटरची. झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, फ्लॅशही नाही. बॅटरी अधिकृत मापाने २०० फोटोंची, त्यामुळे जादा बॅटरीला पर्याय नाही. एवढ्या उणिवा ऐकूनही लोक तो सोडत नाहीत, कारण तो कायम जवळ असतो. मघाचा तो न काढलेल्या फोटोंचा ढीग आठवतोय ना? त्यावरचं औषध हेच. एक मात्र सांगेन, फोनची मुख्य लेन्सही साधारण याच्याच जवळपास वाईड असते. दोन्ही खिशांत तीच नजर कशाला? मला त्याचा भाऊ जीआर थ्री-एक्स जास्त पटतो, २०२१ चा, ४० मिलिमीटरवाला. माणसं त्यात जास्त नैसर्गिक दिसतात. फुजीचा एक्स१००-सिक्सही सगळे विचारतात. २०२४ चा आहे, ३५ मिलिमीटर, एफ २, आणि देखणा तर इतका की हातातून खाली ठेववत नाही. पण तो ५२१ ग्रॅम भरतो, त्यामुळे पँटचा खिसा विसरा.

मग फोन काय वाईट? अजिबात नाही. उन्हातला डोंगर फोन फार सुरेख काढतो. अंधारात तो भराभर अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो. समोरचं स्थिर असेल तोवर जादू, कुणी हललं की चेहरा मेणासारखा. तुमचे फसलेले फोटो असे नसतील, फोनने तुमचं भागत असेल, तर कॅमेरा घेऊच नका. मी रागावणार नाही.

आता ज्यांच्याकडे आधीच कॅमेरा आहे त्यांच्यासाठी. हललेल्या फोटोंचा ढीग मोठा निघाला असेल तर कॅमेरा विकायच्या आधी एक्झिफमधला शटर स्पीड बघा. पुष्कळदा तो १/३० सेकंद निघेल. कॅमेऱ्याला वाटतं, माझ्यात स्टॅबिलायझेशन आहे, चालेल. पण स्टॅबिलायझेशन सांभाळतं तुमचा हात. समोर पळणाऱ्या पोराला ते कसं सांभाळणार? मेनूत ऑटो आयएसओबरोबर 'किमान शटर स्पीड' असेल तर तो १/१२५ करा. नसेल तर डायल 'एस' किंवा 'टीव्ही'वर (दोन्हींत शटर स्पीड आपण ठरवतो) आणून तोच आकडा लावा. दाणे थोडे वाढतील, वाढू द्या. दाणेदार फोटो आपण चिकटवहीत लावतो, हललेला लावत नाही. माझ्या एका मित्राने कॅमेरा विकायची जाहिरातसुद्धा लिहून ठेवली होती. एवढं करून बघ म्हटलं. जाहिरात अजून तशीच पडून आहे.

सेकंडहँड घेताय? जरूर घ्या. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यात बहुतेक छोटेच होते. मग फोनने तो धंदा गिळला. नवी मॉडेलं मोजकीच येतात, त्यामुळे कॅमेरा पाच-सात वर्षांचा आहे म्हणून नाक मुरडू नका. त्याची लेन्स बघा. चालू-बंद चार वेळा करा, झूम पुढे-मागे न्या आणि कान द्या. करकर आली, लेन्स अडखळली, की आत वाळू किंवा धूळ गेलीय समजा, आणि हसतमुखाने परत द्या. मग ॲपर्चर जेवढं लहान होईल तेवढं करून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळपट ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती घरी पुसता येत नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. आणि त्याची बॅटरी अजून नवी मिळते का, हे पैसे द्यायच्या आधी शोधा.

(दुसरा कॅमेरा उचलून.)

माझं काय झालं? मी हा घेतला. सेकंडहँड, एक इंची, २४ ते ७०, कोपरे घासलेला. झूम संपली की दोन पावलं पुढे जातो. आणि तो तीस पटवाला मावशीला दिला. तिच्या खिडकीसमोरच्या झाडावर पक्षी येतात, आणि तिला जागेवरून उठायचं नसतं. परवा तिने फोटो पाठवला, चोचीतली अळीसुद्धा दिसतेय. ह्या माझ्या कॅमेऱ्याने तसा फोटो सात जन्मांत निघायचा नाही. आज शूटिंगपुरता तो मागून आणलाय, संध्याकाळच्या आत परत हवाय म्हणाली, पिल्लं बाहेर यायला लागलीत.