एक कडं, दोन कामं

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारी पेशी]

माणसाची पेशी. आत ४६ गुणसूत्रं, आणि प्रत्येकाची जुळी प्रत तयार. आता जोड्या सुटतील. एक प्रत इकडे, एक तिकडे. पण तोवर या जुळ्यांना एकत्र धरलंय कुणी?

१९९७ साली याचा छडा लागला तो यीस्टमध्ये. पाव फुगवतं, तेच यीस्ट. व्हिएन्नात किम नॅस्मिथ आणि बाल्टिमोरमध्ये डग्लस कॉशलँड, दोघांच्याही प्रयोगशाळांना हे धरून ठेवणारं प्रथिन सापडलं. नाव पडलं कोहेसिन. एसएमसी या कुळातली दोन लांबट प्रथिनं आणि त्यांची टोकं सांधणारं तिसरं, असं हे कडं. जुळे धागे त्यात ओवलेले. वेळ झाली की सेपरेज नावाचं विकर कडं कापतं आणि जोड्या सुटतात.

इथवर हिशेब सरळ होता.

[दृश्य: ॲमस्टरडॅमचे कालवे, जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

१९३३. ॲमस्टरडॅमच्या बालरोगतज्ज्ञ कॉर्नेलिया डी लांग यांनी दोन मुलींची नोंद केली. वाढ खुंटलेली, भुवया जुळलेल्या, हात लहान. या विकाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. २००४ मध्ये त्यामागचं एक जनुक सापडलं, आणि ते निघालं कोहेसिनला डीएनएवर चढवणाऱ्या प्रथिनाचं!

कोडं असं, की या मुलांच्या पेशींत गुणसूत्रांची वाटणी बहुतेक ठीकच होते. बिघडतं ते जनुकांचं चालू-बंद होणं. म्हणजे कड्याला दुसरंही काम होतं.

[दृश्य: ॲनिमेशन, कड्यातून ओढला जाणारा धागा]

डीएनएवरचे स्विच जनुकाला लागूनच असतात असं नाही. हाताच्या बोटांची आखणी ज्यावर ठरते, त्या जनुकाचा स्विच तब्बल १० लाख अक्षरं दूर आहे. कोहेसिन धागा ओढत फास मोठा करत जातं आणि लांबची टोकं जवळ आणतं. सीटीसीएफ हे प्रथिन आडवं आलं की थांबतं. बरीच वर्षं हा फक्त तर्क होता. २०१९ मध्ये कोहेसिन फास ओढताना प्रत्यक्ष चित्रित झालं. कुळातलं भावंड, कंडेन्सिन, वर्षभर आधीच कॅमेऱ्यात सापडलं होतं.

[दृश्य: अंडपेशी, संथ झूम]

आणि ही अंडपेशी. हिची गुणसूत्रं मुलगी जन्मण्याआधीच जोडली जातात, आणि सुटायला पुढची तीस-चाळीस वर्षंही लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की तेवढ्या काळात नवी कडी बसत नाहीत. जुनीच झिजत जातात, आणि मग गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. आईचं वय वाढतं तशी बाळात एक गुणसूत्र जास्त येण्याची, म्हणजे डाउन सिंड्रोमची, शक्यता वाढते, त्याचं एक कारण हेच मानलं जातं.

तुम्ही ज्या अंडपेशीतून आलात, तिच्यातली कडी बसवली गेली तेव्हा तुमची आई आजीच्या पोटात होती.