ऊन ऊन साके

[संध्याकाळ. रेल्वेच्या पुलाखालची गल्ली. लाल कंदील पेटतो.]

जपानमधलं कोबे शहर. वरून लोकल गेली की खालच्या फळीवरच्या बाटल्या किणकिणतात. इथल्या लोकांना ते ऐकूही येत नाही.

हा लाल कागदी कंदील म्हणजे आकाचोचिन. तो पेटला की दुकान उघडलं. दारावरचा आखूड पडदा हाताने सारायचा, मान वाकवायची आणि आत शिरायचं.

आत जेमतेम आठ खुर्च्या. टेकतो न टेकतो तोच हातात गरम ओला नॅपकिन येतो आणि मागोमाग, न मागता, एक छोटी वाटी. ओतोशी. आज तिच्यात आहे कांद्याची पात आणि शिंपले, आंबटसर मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, कालवलेले. चखणाच म्हणा, पण फुकटचा नाही, बिलात लागतो. नवखे पाहुणे यावरून हुज्जत घालतात. बसायच्या जागेचं भाडं समजा आणि खा. शिंपले झकास आहेत.

अशा दुकानाला म्हणतात इझाकाया. आपण त्याला बार म्हणून मोकळे होतो. पण 'इ' म्हणजे बसून राहणं आणि 'साकाया' म्हणजे साकेचं, तांदळाच्या दारूचं, दुकान. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लोक दुकानातून साके मोजून घरी न्यायचे. काहींना घरापर्यंत धीर धरवेना, ते तिथेच बसून प्यायला लागले. मग दुकानदाराने सोबत काहीबाही खायला ठेवलं. म्हणजे इथे आधी दारू आली, जेवण तिच्या मागून.

[काउंटर. गरम पाण्याचं भांडं. मालकीणबाईंचा हात.]

आता हा हात पाहा. कथलाच्या उभ्या भांड्यात साके ओतली, भांडं गरम पाण्यात सोडलं. थोड्या वेळाने वर काढून बुडाला बोट लावलं. पुन्हा पाण्यात. पुन्हा बोट. भिंतीवर थर्मामीटर टांगलेला आहे. आमच्या दोन दिवसांच्या शूटिंगमध्ये त्याला कोणी हात लावला नाही.

ऊन साकेच्या प्रत्येक पायरीला इथे नाव आहे. 35 अंशांना 'हितोहादा', माणसाच्या अंगाइतकी ऊन. 40 ला 'नुरुकान', 50 ला 'आत्सुकान'. गार, फुलांसारख्या वासाच्या महागड्या साकेचं कौतुक जगभर होतं, होऊ दे. पण मुळ्याच्या या जाड चकतीबरोबर, जी रश्श्यात शिजून काचेसारखी झाली आहे, गार साके पिणं म्हणजे वरणभातावर फ्रीजमधलं तूप.

[पहाट. वाफ.]

याच शहराच्या किनाऱ्याला नादा आहे. साकेचं माहेर. मागे रोक्को डोंगर, त्यावरून उतरणारा थंड वारा, आणि शेजारच्या निशिनोमियाचं 'मियामिझू' पाणी. या पाण्यात क्षार भरपूर, लोह मात्र नावाला, म्हणून साकेचा रंग बिघडत नाही. 1840 मध्ये एका कारखानदाराने आपल्या दोन ठिकाणच्या साकेत फरक का पडतो म्हणून पाण्याची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा या पाण्याचा गुण लक्षात आला.

साकेच्या कारखान्यात शिरताना आम्हाला विचारलं गेलं, सकाळी नात्तो खाल्लंय का? आंबवलेल्या सोयाबीनमधले जिवाणू कपड्यांवरून आत गेले तर कोजीचा सत्यानाश.

कोजी ही बुरशी. भातावर बुरशी दिसली की आपण भात फेकतो. इथे तिला खास लाकडी खोलीत, उबेत, दोन दिवस जोजवतात. द्राक्षात साखर मुळातच असते, तांदळात नसते. ती साखर कोजी काढून देते आणि त्याच पिंपात यीस्ट तिचा मद्यार्क करत जातो. दोन्ही कामं एकाच वेळी. पिंप एकदम भरत नाहीत. भात, कोजी, पाणी तीन हप्त्यांत, चार दिवसांत घालतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालायचं नाही. त्या सुट्टीच्या दिवसाला 'ओदोरी' म्हणतात, म्हणजे नाच.

[तांदूळ धुणं. हातात स्टॉपवॉच.]

तांदूळ भिजवायचा तोही सेकंद मोजून. हा 'यामादा निशिकी', दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका असलेला. वरचं घासून काढायचं, पोट ठेवायचं. दाइगिंजो या उंची साकेसाठी निम्मा दाणा कोंडा होऊन जातो.

1995 च्या भूकंपात इथले लाकडी कारखाने कोसळले, काही पुन्हा उभे राहिले नाहीत. जपानमधला साकेचा खप 1973 च्या सुमाराला शिगेला होता. आज त्याच्या एक तृतीयांशही नाही. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली.

[पुन्हा पुलाखाली. रात्र.]

या दोघांकडे बघा. एकाच ऑफिसातले असावेत. आपल्या पेल्यात आपण ओतायचं नाही, समोरच्याने ओतायचं. म्हणून दोघांचंही लक्ष दुसऱ्याच्या पेल्यावर. धाकट्याने पेला दोन्ही हातांनी उचललाय.

शेवटी भात. वाटीभर भातावर गरम चहा, खारवलेल्या माशाचा तुकडा, नोरी या समुद्री शेवाळाच्या चिंध्या. ओचाझुके. बोलणं थांबतं, नुसता सुर्र आवाज.

मालकीणबाई पडदा काढून आत घेतात. कंदील मालवतात. गरम पाण्याच्या भांड्यात अजून एक तोक्कुरी, साकेची सुरई, उभी आहे. ती कोणाची, त्या सांगत नाहीत. बोट लावून बघतात, स्वतःच्या पेल्यात ओततात.

वरून शेवटची लोकल जाते.