समुपदेशकाने मोकळं कुठे व्हायचं?

सगळ्यांना नमस्कार. शाळांमधले समुपदेशक, हेल्पलाइनवर बसणारे कार्यकर्ते, एचआयव्ही तपासणी केंद्रांत काम करणारे, असे बरेच जण आज आलेत. तुम्हाला 'स्वतःची काळजी कशी घ्यावी' यावर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. विषय मी थोडा वळवून घेणार आहे.

बँकेतला कारकून संध्याकाळी घरी येतो आणि चहा पिता पिता सांगतो, 'आज एका खातेदाराने काय डोकं खाल्लं!' सांगितलं की निम्मा शीण उतरतो. समुपदेशकाला ही मुभा नाही. घरातच अत्याचार सोसणारी मुलगी, कर्जापायी फवारणीचं औषध प्यायलेला भाऊ, लग्न ठरलेलं असताना पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट, हे सगळं ऐकून तो घरी जातो आणि 'कसा गेला दिवस?' म्हटल्यावर 'ठीक' म्हणतो. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि कायदा नसता तरी आपला व्यवसाय उभा आहे तो त्याच विश्वासावर. गोपनीयता पाळायचीच. पण ती पाळायला लावणाऱ्या संस्थेने बोलायला एक सुरक्षित जागाही द्यायला हवी, नाहीतर ऐकलेलं सगळं त्या माणसाच्या अंगावरच राहतं.

राहिलं की काय होतं? झोप उडते, घरात चिडचिड होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त भीती वाटते ती वेगळ्याच लक्षणाची. समुपदेशकाच्या नोंदी आखूड होत जातात. आधी पानभर लिहिणारी व्यक्ती दोन ओळींवर येते. 'नेहमीचीच केस' असं तोंडी बसतं. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सल्ला दिला जातो. अशा वेळी झळ क्लायंटला लागते आणि त्याला ते कळतही नाही. तो फक्त पुढच्या वेळी येत नाही.

न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली 'बर्नआउट'वर, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार थकून जातो त्यावर, लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना, आणि स्वतःलाही, पाहून. तळमळीने काम करणारेच आधी थकतात, हे त्यांनी ओळखलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी जोडून आहे. कामाच्या ठिकाणच्या! म्हणून दिवसाला दहा-बारा क्लायंट गळ्यात घालायचे आणि वर्षातून एकदा प्राणायामाची कार्यशाळा ठेवायची, हे मला अजिबात पटत नाही. प्राणायाम जरूर करा, चालायला जा, गाणं ऐका. पण संस्थेची जबाबदारी त्याने फिटत नाही.

संस्थेने द्यायची ती गोष्ट म्हणजे नियमित सुपरव्हिजन: आपल्या केसेस अनुभवी व्यक्तीपुढे मांडून त्यावर बोलायचा ठरलेला तास. ही नवी टूम नाही. 1920 साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचा दवाखाना निघाला, तेव्हापासून शिकाऊ मंडळींनी आपल्या केसेस अनुभवी व्यक्तीपुढे मांडायची पद्धत बसत गेली. ब्रिटनमधली समुपदेशकांची मोठी संघटना आपल्या मान्यताप्राप्त (अ‍ॅक्रेडिटेड) सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजनची अपेक्षा ठेवते, आणि ती शिकाऊंपुरती नाही. वीस वर्षं काम केलेल्यालाही ती लागू आहे. आपल्याकडे मात्र डिप्लोमा हातात पडला की शिकणं संपलं, अशी समजूत आहे.

प्रत्यक्षात या तासात काय होतं, ते सांगते. तपशील बदललेत. एका गटात शाळेतली समुपदेशिका केस मांडत होती. नववीतली मुलगी, आई गेल्यापासून गप्प झालेली. वहीत चार रकाने होते: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, आणि चौथा आमच्या चर्चेसाठी कोरा. मुलगी म्हणाली होती, 'बाबा आता आईचं नावच काढत नाहीत.' त्यावर समुपदेशिकेने विचारलं होतं, 'अभ्यास कसा चाललाय?' तिसरा रकाना रिकामा. मी विचारलं, 'इथे काय झालं?' बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'ताई, माझे वडीलही आईचं नाव काढायचे नाहीत.'

मी तिच्या लहानपणात शिरले नाही. ते सुपरव्हिजनचं काम नव्हे; त्यासाठी तिला वेगळी थेरपिस्ट सुचवली. आम्ही परत त्या मुलीकडे वळलो. पुढच्या भेटीत तिला काय विचारायचं? 'आईला तू काय म्हणून हाक मारायचीस?' इथून सुरुवात करायची, असं ठरलं.

आता संस्थाचालकांसाठी. तुमचा प्रकल्प अधिकारी तीच वही बघून गेला असता, तर सत्रं किती झाली आणि फॉर्म भरले का, एवढंच त्याने पाहिलं असतं. तेही लागतं. पण ज्याच्या हातात आपल्या कराराचं नूतनीकरण आहे, त्याला रिकामा रकाना कोण दाखवेल? म्हणून सुपरव्हायजर वेगळा हवा, शक्यतो बाहेरचा. हा तास पगारी वेळेत हवा, शिफ्ट संपल्यावर नको. स्वयंसेवक असतील तर तो त्यांच्या ड्यूटीतच धरा. सुपरव्हायजरचं मानधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे देणगीदार कपात करायला लागला की ते गुपचूप गळणार नाही.

पुण्याच्या मुक्तांगणने 1986पासून व्यसनमुक्तीचं काम केलंय, आणि तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंही समुपदेशक होतात. ही फार मोलाची वाट आहे. मात्र ज्याची जखम क्लायंटच्या जखमेसारखीच असते, त्याला हा तास इतरांपेक्षा जास्त लागतो, असं मी आग्रहाने म्हणेन.

गडचिरोली, नंदुरबारकडच्या मंडळींचा प्रश्न मला ठाऊक आहे: सुपरव्हायजर आणायचा कुठून? पंधरा दिवसांतून एकदा सहा जणांचा ऑनलाइन गट चालतो. दार बंद, कानात इअरफोन, क्लायंटचं नाव-गाव बदललेलं, आणि केसबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षरही नाही, एवढं पाळा. आणि सुपरव्हायजरलाही स्वतःचा सुपरव्हायजर असावा. माझ्या आहेत, मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते.

जेवणानंतर तिघांतिघांचे गट करू. एकाने केस मांडायची, दुसऱ्याने फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही, तिसऱ्याने नुसतं बघायचं. केस मोठी, नाट्यमय नको. ज्या क्लायंटचं नाव यादीत दिसलं की पोटात गोळा येतो, तीच घ्या.